फळ दुसऱ्याच्या पदरात पडतं तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दिवाळीनंतर गुरुवारच्या आरतीला बऱ्याच जणांनी विचारलं, "मुलगी कशी आहे आता? गोळ्या बदलल्या म्हणे." दारात चपला शोधता शोधता आम्ही दोघंही "बरी आहे, कृपा आहे" एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पत्रिकेसाठी काही लिहा असा निरोप आला तेव्हा म्हटलं, जे दारात बोलता आलं नाही तेच लिहू. आपल्या ग्रुपवर दोन-चार घरं तरी अशी आहेत जिथे कुणाला तरी फेफरं येतं. ती बोलत नाहीत. आम्हीही दहा वर्षं बोलत नव्हतो. लेकीला विचारून लिहीत आहोत, आणि तिनं दोन ठिकाणी खाडाखोडही केली आहे.

तिचं दहावीचं वर्ष होतं. रात्री जागून अभ्यास करायची आणि सकाळी हातातला चहाचा कप उडायचा. पडायचा नाही, उडायचा. कुणी कोपराला टिचकी मारावी तसा. कधी कंगवा, कधी ब्रश. आम्ही म्हणायचो, "धांदरट आहेस, लक्ष कुठे असतं तुझं?" एकदा पाठीत धपाटाही बसला. मग एका सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली, अंग ताठ झालं, हातपाय झडू लागले, तोंडाला फेस. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एवढंच विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो धपाटा आजही आठवतो.

त्या आजाराला जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. बहुधा वयात येताना सुरू होतो, झोपेतून उठल्यावर हाताला झटके बसतात, जागरण झालं की वाढतात, आणि मोठा झटकाही येऊ शकतो. औषधानं चांगला आटोक्यात राहतो, पण औषध सोडलं तर पुष्कळदा परत येतो, म्हणून अनेकांना ते वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावं लागतं. तिला व्हॅलप्रोएट सुरू झालं. वजन थोडं वाढलं, केस गळले, तक्रार तिनं फारशी केली नाही. नऊ वर्षांत एकही झटका नाही. बी.एड. झाली, शाळेत लागली, स्कूटर शिकली. गोळ्यांची पाकिटं आम्ही देवघराच्या खणात ठेवायचो, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. मुद्दाम नव्हे, सवयीनं. पण सवयीलाही काही अर्थ असतोच.

मागच्या मे महिन्यात तिचा साखरपुडा झाला. मुलाला तिनं पहिल्याच भेटीत आजाराबद्दल सांगून टाकलं होतं, आम्हाला न विचारता. आम्ही नंतर चिडलो. जुन्या कायद्यात फेफऱ्याचा आजार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं, ते १९९९ साली दुरुस्ती करून काढून टाकलं. कायद्यातून गेलं, पण बैठकीतल्या कुजबुजीतून गेलेलं नाही, अशी आमची भीती. मुलाच्या आईनं मात्र एवढंच विचारलं, "गोळ्या वेळेवर घेते ना?"

त्यानंतर ती नेहमीच्या तपासणीला गेली तर डॉक्टर म्हणाले, आता गोळी बदलायला हवी.

कारण त्यांनी नीट समजावलं. व्हॅलप्रोएट चालू असताना गर्भ राहिला तर शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये जन्मजात व्यंग असू शकतं. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. शिवाय शंभरातली तीस ते चाळीस मुलं बोलायला, शिकायला, समजायला मागे पडू शकतात. बाळाच्या मणक्याचा आणि मेंदूचा पाया घालण्याचं काम पहिल्या चार आठवड्यांत होतं, म्हणजे आईला दिवस गेल्याचं कळेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. तेव्हा बदल करायचा तर आधीच. लेव्हेटिरॅसिटाम नावाचं दुसरं औषध हळूहळू वाढवायचं, मग जुनं हळूहळू कमी करायचं. मधल्या काळात झटका येण्याची शक्यता आहे, आणि जुनी गोळी जेवढी लागू पडली तेवढी नवी पडेलच याची हमी नाही. हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

गाडीत बसल्यावर आमच्यापैकी एकजण म्हणालं, "नको आम्हाला नातवंडं. आमची आहे ती नीट राहू दे." कोण म्हणालं ते सांगत नाही, कारण दुसऱ्याच्याही मनात तेच होतं.

लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला नको असतील. मला हवं आहे."

आता इथे प्रश्न सुरू होतो. जे मूल अजून नाही, कदाचित होणारही नाही, त्याच्यासाठी जे मूल समोर बसलं आहे त्याला धोक्यात घालायचं? आम्हाला उत्तर सोपं वाटत होतं. आईबापाचं कर्तव्य आपल्या मुलाशी. पण मग लक्षात आलं की आपल्यासाठी ती जशी 'मूल' आहे, तशी तिच्यासाठी ती स्वतः नाही. ती पंचवीस वर्षांची बाई आहे, उद्या आई होऊ पाहते. आम्ही तिच्यासाठी जे करायला तयार आहोत, तेच ती तिच्या न झालेल्या मुलासाठी करायला निघाली होती. आमचं प्रेम ते प्रेम आणि तिचं ते वेडेपण, असं कसं म्हणायचं?

सल्ले आले. एका मावशींनी गाणगापूरला नेऊन आणा म्हटलं. आम्ही दर्शनाला जातो, पुढेही जाऊ, पण फेफऱ्याला बाधा समजून नाही. दुसरा सल्ला जास्त अवघड होता, कारण तो आपल्यातलाच होता. एका ज्येष्ठ गुरुभगिनी मायेनं म्हणाल्या, "नऊ वर्षं झटका नाही म्हणजे कृपाच आहे. मग जुनी गोळी सोडा, नवी कशाला?" त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण हे अजिबात करू नये, हे इथे ठळक सांगतो. फेफऱ्याचं औषध एकदम बंद केलं तर झटक्यामागून झटका येत राहून जिवावर बेतू शकतं. आणि कृपेचं म्हणाल तर, आपल्या महाराजांच्या उशाशी पोथीच्या शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असायची, हे सेवेत असलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणानंतर "अरे, माझी ती पांढरी दे" म्हणून मागून घ्यायचे. कृपा गोळीतून येत नाही असं कुणी ठरवलं?

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या रामेश्वर यात्रेत आपण मदुराईला मीनाक्षी मंदिरात गेलो होतो, त्याची आठवण त्या दिवसांत वारंवार यायची. नटराजाच्या पायाखाली जो बुटका असतो, त्याचं नावच अपस्मार. आपल्या वैद्यकातही या आजाराला हाच शब्द, स्मृती निघून जाणे या अर्थाचा. चरकसंहितेत त्याच्यावर वेगळा अध्याय आहे. शिव त्या बुटक्याला मारत नाही. त्याच्यावर पाय ठेवून उभा राहतो, आणि नाचतो. व्हॅलप्रोएटचं काम आम्हाला तसंच वाटायचं: आजार गेलेला नाही, पायाखाली आहे, आणि वर पोरीचं आयुष्य चाललं आहे. तर मदुराईच्या रुपेरी सभेतल्या नटराजाची मूर्ती वेगळी आहे. इतरत्र डावा पाय उचललेला असतो, तिथे उजवा. कथा अशी की पांड्य राजा स्वतः नृत्य शिकला तेव्हा त्याला कळलं, एकाच पायावर उभं राहणं किती अवघड असतं. म्हणून त्यानं देवाला पाय बदलायची विनंती केली आणि देवानं ती ऐकली. तेव्हा आम्ही हात जोडले आणि पुढे प्रसादाच्या रांगेत गेलो. आता मनात येतं, पाय बदलायच्या त्या क्षणी खालचा बुटका थोडा तरी हलला असेलच की.

जूनमध्ये नवी गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी किती झटके आले ते वहीत लिहायचं, अगदी बोट हललं तरी. वही अर्थातच आम्ही घेतली. फ्रिजवर तक्ता लावला: नवी किती, जुनी किती, कुठल्या तारखेपासून. पाकिटातल्या गोळ्या आम्ही रात्री मोजायचो, ती झोपल्यावर. ती चहा प्यायला बसली की समोर बसायचो. वर्तमानपत्र हातात, डोळे तिच्या मनगटावर. न्हाणीघराची कडी लावायची नाही. स्कूटर बंद. यातलं काही डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं आणि योग्यही होतं, पण डॉक्टरांचं कुठे संपलं आणि आमचं कुठे सुरू झालं हे आम्हाला आता सांगता येत नाही.

तिची चिडचिड वाढली. या औषधानं काहींना असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि तिथेच आमच्याकडून एक चूक झाली जी लिहिताना अजून लाज वाटते. तिचा प्रत्येक राग आम्ही गोळीच्या खात्यावर टाकायला लागलो. दार आपटलं की एकमेकांकडे बघून डोळ्यांनीच म्हणायचो, गोळी. एकदा ती म्हणाली, "माझ्या गोळ्या मोजता ते मला कळतं. मला आवडत नाही." आम्ही मऊ आवाजात उत्तर दिलं, "असू दे गं, औषधामुळे होतं असं." ती काहीच बोलली नाही. माणसाकडून रागावण्याचा हक्कही काढून घ्यायचा, आणि तोही प्रेमानं! यापेक्षा सरळ भांडलो असतो तर बरं झालं असतं. गोळीमुळे चिडचिड होत होती हे खरंच, आणि ती ज्या गोष्टीवर चिडत होती ती गोष्टही खरीच होती. दोन्ही एका वेळी खरं असू शकतं, हे आम्हाला सुचलं नाही.

वहीत सगळी शून्यं होती. जुलै शून्य, ऑगस्ट शून्य, सप्टेंबर शून्य. आम्ही खूश. ती शून्यं बघून डॉक्टरांनी जुनी गोळी ठरल्याप्रमाणे कमी करत नेली.

नवरात्रात बडोद्यात मुलीला घरी बसवणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. साडेअकराला घरी, या करारावर तिला गरब्याला जाऊ दिलं. ती वेळ पाळायची. मग कोजागिरीला अंगणात सगळे जमले, दूध-पोहे झाले, भेंड्या रंगल्या, एक वाजला. "पाचच मिनिटं" असं आम्हीच दोनदा म्हणालो, कारण खूप दिवसांनी ती हसत होती.

सकाळी सात वाजता ती ओट्यावर कोसळली.

दोन मिनिटं चाललं असेल. नऊ वर्षांपूर्वी आम्ही तिचे हात दाबून धरले होते, तोंडात चमचा घातला होता. यावेळी त्यातलं काही केलं नाही. कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना, एवढं लक्षात होतं. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या, आणि कुणाची तरी चप्पलही आली. काकूंचा कांदा मग संध्याकाळच्या भाजीत गेला. लेक त्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. जीभ चावली गेली होती, खांदा दुखत होता.

ती झोपलेली असताना कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. कपाचे तुकडे. दोन वेगवेगळ्या कपांचे.

उठल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. सप्टेंबरपासून सकाळी झटके येत होते. आधी क्वचित, मग रोज. आम्ही समोर बसायच्या आत ती चहा उभ्या उभ्या पिऊन घ्यायची. कप फुटला तर आवाज होऊ नये म्हणून पायपुसण्यावर उभी राहायची. वहीत लिहायला "शून्य" सांगायची. आम्ही विचारलं, "का? अगं, आम्हाला नाही तर डॉक्टरांना तरी?" ती म्हणाली, "बोट हललं की तुमची तोंडं जशी होतात ना, ती मला बघवत नाहीत. आणि तुम्ही लगेच जुनी गोळी परत सुरू करायला लावली असती."

दोन्ही खरं होतं. तोंडं तशी होत असणार, आणि जुनी गोळी आम्ही नक्कीच सुरू करायला लावली असती.

आमच्या मनात त्या रात्री पहिला विचार आला तो हाच, की निर्णय चुकला. बघा, सांगत होतो. पण थोडं थांबून पाहिलं तर हा हिशेब बरोबर नाही. झटका आला म्हणून निर्णय चूक, आला नसता तर बरोबर, असं असेल तर मग बरोबर-चूक हे नशिबावरच गेलं. झटका येऊ शकतो हे मे महिन्यातच माहीत होतं, ते धरूनच तिनं ठरवलं होतं. डॉक्टरांना खरं कळलं असतं तर त्यांनी जुनी गोळी एवढ्यात उतरवली नसती, नवी वाढवली असती. कदाचित तरीही झटका आला असता. पण त्यांना खोटी शून्यं दाखवली गेली, आणि ती शून्यं एकट्या तिनं लिहिलेली नव्हती. पेन आमच्या हातात होतं.

फळाची आशा न धरता कर्म करावं, हे आपण सत्संगात किती वर्षं ऐकतो. आम्ही तर इतरांना सांगतोही. पण ते सांगताना आपल्या मनात नेहमी स्वतःचं कर्म आणि स्वतःचं फळ असतं: माझी नोकरी, माझा मान, माझा पैसा. फळ दुसऱ्याच्या अंगावर पडणार असेल तर? आम्ही 'अनासक्त' होऊन म्हणायचं, बदला गोळी, जे होईल ते होवो. आणि ओट्यावर पडणार ती? असली अनासक्ती फार स्वस्त आहे. उलट, फळ तिच्यावर पडणार म्हणून आम्ही तिला हलूच द्यायचं नाही, हीही आसक्तीच, फक्त तिला काळजी असं छान नाव आहे. या दोन टोकांमध्ये आम्ही सहा महिने झोके घेतले.

आम्हाला जे दिसलं ते असं, आणि कुणाला वेगळं दिसत असेल तर जरूर सांगा. फळ ज्याच्या पदरात पडणार, ठरवायचंही त्यानंच. त्याला सगळं खरं सांगायचं, आकड्यांसकट. आपली भीतीही सांगायची, एकदाच. आणि मग ठरवलं त्यानं, की पदराला दुसऱ्या टोकानं आपण धरायचं. हे लहान मुलाला लागू नाही, आणि ज्याची समज आजारानं गेली आहे त्यालाही नाही. तिथे आईबापांनाच ठरवावं लागतं. पण पंचवीस वर्षांच्या शिकलेल्या लेकीला आम्ही ज्या सहजतेनं त्या खान्यात बसवलं, त्याचं कारण तिचा आजार नव्हता. आम्हाला सोसवत नव्हतं, एवढंच.

सोसवत नव्हतं ते काय, हेही आम्ही एकमेकांना विचारलं. तिचा त्रास? थोडा तोही. पण जास्त करून, काही झालं तर आपण काही केलं नाही असं होऊ नये, हे. रात्री गोळ्या मोजून तिचा एकही झटका टळला नसता, ती गोळ्या चुकवतच नव्हती. मोजल्यानं झोप आम्हाला लागायची. म्हणजे ते औषध आमचं होतं, आणि त्याचे दुष्परिणाम तिला होत होते.

कोजागिरीनंतरच्या भेटीत आम्ही डॉक्टरांना म्हणालो, जुनीच पूर्ववत करता येईल का. त्यांनी आमच्याकडे न बघता तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "नवीचा डोस वाढवून बघूया. झटके सगळे लिहीन." त्यांनी डोस वाढवला, जुनीची उरलेली मात्रा आणखी सावकाश उतरवायचं ठरलं, फॉलिक ॲसिड चालू आहे. गरज पडली तर तिसरं औषध आहे, म्हणाले. मुलाकडे झटक्याबद्दल तिनंच फोन करून सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी आला, दोघं कमाटीबागेत दोन तास बसून आले. लग्न वैशाखातच आहे. मूल कधी, याबद्दल त्या दोघांचं काय ठरलं ते आम्हाला माहीत नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. विचारावंसं रोज वाटतं.

वही आता तिच्या पर्समध्ये असते. दिवाळीत एका आठवड्यात अकरा झटके होते, हे तिनं जेवताना सांगितलं, आमटी वाढून घ्यावी तितक्या सहज. आमची तोंडं कशी झाली कोण जाणे. आम्ही दोघांनीही ताटात पाहिलं. मार्गशीर्षात एकूण तीन. पौषात आजपर्यंत एक. मोठा झटका कोजागिरीनंतर नाही. चिडचिड आहे. कधी गोळीची, कधी आमची, विचारल्यावर ती सांगते कुठली ते.

उत्तरायणला सगळं बडोदं गच्चीवर असतं. आदल्या रात्री तिनं स्वतःच सांगितलं, कठड्याजवळ जाणार नाही, पाण्याच्या टाकीशी मधोमध खुर्ची टाकून फिरकी धरीन, पतंग भाऊ उडवेल, आणि दहाला झोपते. सकाळी सातला ती वर गेली. आम्ही खाली तिळाचे लाडू वळत बसलो. वरून "काप्यो छे!" असा ओरडा आला, मग हसणं, मग एकदम शांतता. आमच्यापैकी एकजण तिळाच्या हातानं उठलं, जिन्याच्या तीन पायऱ्या चढलं, कठड्याला धरून थोडा वेळ उभं राहिलं, आणि खाली येऊन पुन्हा लाडू वळायला बसलं.